पाणी, उंची, विस्तव

“ताई, खोटं का बोललात?”

केझियाने हे हळू विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण धरणाच्या काठावर माझ्या गटातल्या सगळ्या मुली उभ्या होत्या, पलीकडे मुलग्यांचा गट होता, गळ्यात शिट्टी अडकवलेला डॅनी होता, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरोखर कळलं नव्हतं म्हणून.

झालं होतं एवढंच, की मी डॅनीला बाजूला घेऊन कुजबुजले होते, “केझियाला आज पाण्यात नको. तिला जरा... बायकांचं आहे.” डॅनी म्हणजे शिबिरात पाण्याकडे बघणारा, नुकतंच कॉलेज संपवलेला पोरगा. तो कानापर्यंत लाल झाला आणि गडबडीत नको तेवढ्या मोठ्याने ओरडला, “केझिया जगधने, तू आज काठावर!”

“का?”

“ताई म्हणाल्या. तुझी तब्येत...”

“माझी तब्येत चांगली आहे. मला काहीच झालेलं नाही.” आणि मग माझ्याकडे वळून तो प्रश्न.

गटात शॅरन नावाची एक आगाऊ मुलगी होती. ती फिस्सकन हसली. “आज सकाळचा पाठ कशावर होता गं आपला?” तिने शेजारणीला विचारलं.

सकाळचा पाठ मीच घेतला होता. विषय होता खरेपणा.

मला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि अंगावरच्या सलवार-कमीजसकट पाण्यात उतरले. मागे वळून हात पुढे केला. “चल. पण माझा हात धरून.”

“मी काय लहान आहे?”

“मला पाण्याची भीती वाटते. तू माझा हात धर.”

हे मात्र खरं होतं. ती लगेच आली.

कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाकीच्या मुली ट्यूबवर आडव्या पडून एकमेकींवर पाणी उडवत होत्या, मुलगे डॅनीचं लक्ष चुकवून दोरीच्या पलीकडे जायला बघत होते. मी केझियाचं मनगट धरून तिचे डोळे बघत होते. पापण्या लवताहेत ना, नजर कुठे अडकत नाही ना, ओठ हलत नाहीत ना.

“ताई, तुम्ही पाण्याकडे बघतच नाही. माझ्याकडेच बघताय.”

“तुझ्याकडे बघितलं की भीती कमी वाटते.”

हे पुन्हा खोटं होतं. ते तिला कळलं की नाही, माहीत नाही.

त्या शिबिराला मी पहिल्यांदाच लीडर म्हणून गेले होते. धरणाच्या वरच्या अंगाला मिशनचा जुना बंगला आणि त्याभोवती बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. दर मे महिन्यात आमच्या भागातल्या मंडळ्यांतली आठवी ते दहावीची मुलं तिथे राहायला येतात. गाणी, पाठ, खेळ, प्रार्थना. उजागरे सर हे सगळं चालवायचे. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी मला शिकवलेलं. त्यांचाच फोन आला होता. “मृदुला, मुलींना यंदा एक आई पाहिजे बाई. कॉलेजच्या पोरी येतात लीडर म्हणून, पण पोरींच्या आधी याच झोपतात.”

माझा नोएल तेव्हा तीन वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात त्याला तापात झटके आले होते, दोनदा. तेव्हापासून माझी नजर बिघडली होती असंच म्हणायचं. तो झोपला की मी त्याची छाती हलते का बघायची. जागा असला की डोळे. पर्समध्ये थर्मामीटर. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. शेवटी सुधीर म्हणाला, “जा तू. पाच दिवस दुसऱ्यांच्या पोरांची काळजी कर. आपल्या पोराला जरा मोकळा श्वास घेऊ दे.” तो हे चेष्टेनेच म्हणाला, पण मी बॅग भरली.

आणि तिथेही नजर तीच. धरणावर गेलो त्याच्या आदल्या दिवशी गाण्याची तालीम चालली होती. हातवारे करत म्हणायचं गाणं. सगळ्यांचे हात वर गेले, सगळ्यांचे खाली आले, केझियाचे वरच राहिले. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. ओठ चघळल्यासारखे किंचित हलले. मग ती परत आली आणि चुकीच्या ओळीवर गाऊ लागली. शॅरनने तिला कोपर मारलं, ती हसली, गाणं पुढे गेलं. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र तालीम संपेपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.

दुपारच्या विश्रांतीत मी तिला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. ओळखपाळख झाली होतीच. नववीतली, हडकुळी, घट्ट दोन वेण्या.

“केझिया, तुला कधी फिट येतात का गं?”

तिने आढेवेढे घेतले नाहीत. “यायच्या. आता नाही येत.”

“औषध चालू आहे?”

तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही, कोणतं उत्तर अगदी खरं होईल ते ती शोधत होती. “आहे पण आणि नाही पण,” ती म्हणाली आणि आत जाऊन शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली. वर चटणी, चटणीखाली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

“आईने दिल्यात?”

“मम्मी नेहमी गुपचूप देते. पप्पांना माहीत नाही.”

“मग इथे आल्यापासून घेतल्या का नाहीस?”

“शेवटच्या दिवशी माझी साक्ष आहे ना.”

साक्ष म्हणजे काय ते आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी आईवडील यायचे, तेव्हा दोन-तीन मुलं साक्ष द्यायची. आणि या वर्षी शेवटचा संदेश द्यायला येणार होते पास्टर अमोस जगधने. केझियाचे वडील. राहुरी-नेवाशाकडच्या गावांतून त्यांच्या सभांना माणसं टेंपो करून यायची. आपल्या मुलीच्या फिट प्रार्थनेने बऱ्या झाल्या हे ते प्रत्येक सभेत सांगायचे, मीही कोणाकोणाकडून ऐकलं होतं. या वेळी मुलगी स्वतः सांगणार होती.

“पप्पा सगळीकडे सांगतात की मी गोळी घेत नाही,” केझिया म्हणाली. “आता मी स्टेजवर काय सांगू? घेते म्हटलं तर पप्पा खोटे पडतात. घेत नाही म्हटलं तर मी खोटी.”

“मग?”

“मग घेतलीच नाही तर दोघं पण खरे.”

बेरीज-वजाबाकी सांगावी तसं तिने हे सांगितलं.

“अगं, गोळीसुद्धा देवाचीच असते. डॉक्टरला बुद्धी कोण देतो?”

“मग पप्पा असं का नाही सांगत?”

मी बी.एस्सी. झालेली बाई. मी गोळ्यांची पाकिटं परत पिशवीत घातली.

“कोणाला सांगणार नाही ना?” तिने विचारलं.

“शप्...”

“शपथ नको. हो किंवा नाही, एवढंच म्हणा.”

“तुला काही होण्यासारखं असेल तर सांगेन,” मी म्हणाले. “नाहीतर नाही.”

“मला काही होणार नाही,” ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

तिथे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. मी लोखंडी शिडीने वर चढले. तिच्या घरचा म्हणून जो नंबर होता तो पास्टरांचाच होता, आईकडे वेगळा फोन नव्हता. लावला तर बंद. मग सुधीरला लावला. नोएलने वरणभात खाल्ला का हे विचारायचंही विसरले, एवढ्यावरूनच त्याला कळलं की काहीतरी झालंय. त्याने नोएलच्या डॉक्टरांना गाठलं आणि मला परत फोन केला.

“नीट ऐक. या गोळ्या अशा एकदम बंद करणं फार धोक्याचं आहे म्हणाले. ताबडतोब सुरू करायच्या आणि घरच्यांना कळवायचं. आणि तोवर तीन गोष्टींपासून तिला लांब ठेवायचं. पाणी, उंची, विस्तव.”

टाकीवरून खालचं आवार सगळं दिसत होतं. धरणाचं पाणी. पाठीमागची टेकडी. मधल्या मोकळ्या जागेत शेकोटीसाठी रचलेली लाकडं.

“गेलीस कुठे?” सुधीर म्हणाला.

“आहे. उद्याचा आमचा कार्यक्रम काय आहे माहितेय का? सकाळी धरण, चार वाजता टेकडी, संध्याकाळी शेकोटी.”

तो हसला नाही. त्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

असा तो शिबिराचा चौथा दिवस होता. धरणातून बाहेर आले तेव्हा अंगाला चिकटलेले ओले कपडे, हुडहुडी, आणि केझिया मलाच टॉवेल देत होती. “बघा, काही नाही झालं. उगाच घाबरता तुम्ही.”

दुपारच्या चहाला लीडर लोकांची बैठक असायची. रोज प्रत्येकाने आपल्या गटाचे प्रार्थनेचे विषय सांगायचे आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. पद्धत चांगली आहे. पण आमच्याकडे एखादी गोष्ट ‘प्रार्थनेला’ म्हणून सांगितली, की संध्याकाळपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असते. सगळे अगदी कळवळ्याने पोचवतात.

प्रिस्का ही दुसऱ्या गटाची लीडर, माझ्याहून लहान, मनाने लोण्यासारखी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “माझ्या गटातल्या एका मुलीच्या तब्येतीसाठी.”

“कोण गं?”

“आहे एक.”

“नाव घेतलं की प्रार्थनेत जोर येतो, मृदुलाताई. आपल्यात काय लपवायचं? प्रभूला तर माहीतच आहे.”

“त्याला माहीत आहे ना, मग झालं,” मी म्हणाले. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा तोडून बोलल्यासारखं झालं. प्रिस्काने मान खाली घातली, आणि मग तिने त्या अनाम मुलीसाठी इतकी मनापासून प्रार्थना केली की मलाच लाज वाटली.

उठताना मी उजागरे सरांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. केझियाशी माझं ठरलं होतं ते याच अटीवर ना, की काही होण्यासारखं असेल तर सांगेन. सर ऐकत गेले आणि कपातला चहा निवत गेला.

“पास्टर जगधन्यांबद्दल बोलतेयस तू. कळतंय ना?”

“मी केझियाबद्दल बोलतेय, सर.”

“ते आहेच. पण बापाला न विचारता मी पोरीला औषध कसं देऊ? बरं, ती घेणारही नाही म्हणतेस.” त्यांनी स्वतःच टाकीवर चढून फोन लावून पाहिला. सत्तरीला टेकलेला माणूस, धोतरासारखी फडफडणारी पँट, मी खालून शिडी धरून उभी. फोन बंदच. खाली उतरून दम खात म्हणाले, “कुठल्या तरी खेड्यात सभा असेल. उद्या सकाळी येतोच आहे तो. आपण दोघं बोलू. तोवर तू तिला सोडू नकोस.”

टेकडीच्या वेळी मी काही कारण रचलं नाही. सरळ केझियाला म्हणाले, “तू वर कड्यावर उभी असलीस की माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही. माझ्यासाठी खाली थांबशील?”

“सगळ्या जाणार आणि मी एकटी...”

“मी आहे ना.”

“तुम्ही काय!” ती म्हणाली. पण थांबली. अर्धा तास तोंड फुगवून बसली, मग उद्याच्या भाजीसाठी काढलेला लसूण समोर दिसला तसा तो सोलायला लागली. मध्येच तिचा हात थांबला. एक पाकळी बोटांत तशीच. मी उठले. “केझिया!”

“विचार करतेय मी, ताई. माणसाने विचार पण नाही करायचा का?”

शेकोटीला मी तिच्या आणि जाळाच्या मध्ये बसले. जाळाकडे पाठ करून. शॅरन म्हणाली, “ताई, शेकोटी तिकडे आहे.” सगळ्या हसल्या. एक ठिणगी उडून माझ्या ओढणीला भोक पडलं, ते मला घरी गेल्यावर दिसलं. गाणी झाली, गोष्टी झाल्या, केझिया सगळ्यांबरोबर हसली, गायली, टाळ्या वाजवल्या, आणि झोपायला जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पाणी झालं, टेकडी झाली, शेकोटी झाली. आता तरी झोपा.”

तिला या तिन्हींचं कसं कळलं होतं कोण जाणे. मी तर तिला काही सांगितलं नव्हतं. आपण एखाद्यावर पाळत ठेवतो तेव्हा तोही आपल्याला बघतच असतो.

सकाळी नाश्त्याच्या वेळेला पास्टर जगधने आले. मी मनात एक उंचापुरा, खर्जातल्या आवाजाचा माणूस उभा केला होता. आला तो बारका, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, सभांनी घसा बसलेला. स्कूटरच्या हँडलला गोडीशेवेची पिशवी. मुलींसाठी आणली होती.

“प्रेझ द लॉर्ड, ताई. आमची केझिया त्रास देत नाही ना?”

“पास्टर, तुमच्याशी बोलायचं आहे. आत्ताच.”

“हो हो, बोलू की. एवढा चहा...”

जेवणघरात स्टीलचं ताट पडल्याचा आवाज झाला. ताट पडल्यावर ते थोडा वेळ गरगरत राहतं, तसं ते गरगरत राहिलं. कोणी उचललं नाही. मी धावत सुटले होते.

केझिया बाकांच्या मधल्या फरशीवर पडली होती. अंग ताठ, मग झटके, एकामागून एक. मुली किंचाळत मागे सरकल्या होत्या आणि मोठी माणसं पुढे सरकत होती. स्वयंपाकाच्या बाईंनी कांदा फोडून आणला. कोणी म्हणालं चप्पल हुंगवा. कोणी चमचा घेऊन तिच्या दातांत घालायला वाकलं, त्याचा हात मी झटकला. प्रिस्का रडत अभिषेकाच्या तेलाची बाटली उघडत होती. आणि पास्टर गुडघ्यांवर बसले होते, मुलीचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे मिटून, त्या बसक्या घशातून मोठमोठ्याने प्रार्थना करत. त्यांच्याबरोबर सगळे. प्रत्येकाला तिच्यावर हात ठेवायचा होता. त्या हातांखाली मला ती दिसेनाशी झाली.

“पास्टर, डोकं सोडा तिचं!”

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांचं मनगट धरून ओढलं. “सोडा! कुशीवर करू द्या. सगळे मागे व्हा. सर, यांना मागे घ्या. प्रार्थना तिकडून करा, ती तिकडूनही पोचते!”

असं मी एरवी कोणाशी बोललेली नाही. सगळे मागे झाले. मी तिला कुशीवर वळवलं, ओढणीची घडी डोक्याखाली घातली, बाक लांब ढकलायला लावला आणि वाट बघत बसले. दुसरं काही करायचं नसतं. नोएलच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. झटके विरळ होत गेले. मग तिने एक लांब, घोरल्यासारखा श्वास घेतला. तो मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात सुंदर आवाज असेल.

डॅनी मोटरसायकलवर जाऊन खालच्या गावातल्या डॉक्टरांना घेऊन आला. तोवर आम्ही तिला बंगल्यातल्या बाजूच्या खोलीत आणून निजवलं होतं. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. “गोळ्या चालू होत्या का? कोणत्या?”

चटणीचा डबा मुलींच्या खोलीत होता. मी उठले, “आणते, तिच्या आईने...”

“थांबा,” पास्टर म्हणाले. भिंतीला टेकून उभे होते. आणि खाली बघत त्यांनी गोळीचं नाव सांगितलं. किती ताकदीची ते सांगितलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. मध्यंतरी एकदा वाढवली होती, तेही.

डॉक्टरांनी मान हलवली. “एकही चुकवायची नाही. जरा शुद्धीवर आली, नीट गिळायला लागली की आत्ताची द्या. आणि संध्याकाळपर्यंत तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या.” ते गेले.

आम्ही बाहेर पायरीवर आलो. केझिया दिसत राहावी म्हणून मी दार उघडं ठेवलं आणि ओरडायला आलेला आवाज दाबला.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“मीच आणतो, ताई. नगरहून. आमच्या इथल्या मेडिकलमध्ये घेतल्या तर गावाला कळतं.”

“ती म्हणते पप्पांना माहीत नाही.”

“तसंच ठरलं होतं आमचं. तिच्या मम्मीचं आणि माझं. मी आणून कपाटात ठेवायच्या, मम्मीने द्यायच्या, आणि मी विचारायचं नाही. म्हणजे मी सभेत जे बोलतो ते...” ते थांबले. “पहिल्यांदा मी नुसते आभार मानले होते हो. वर्षभर फिट आली नव्हती तिला. औषधाचं कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही. माणसं रडली. एक बाई लेकराला घेऊन पुढं आली. मग दुसऱ्या गावाने म्हटलं, पास्टर, ते मुलीचं सांगा. मग तिसऱ्या.”

“तिने गोळ्या का बंद केल्या, ठाऊक आहे का तुम्हाला?”

मी सांगितलं. तिने मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. दोघं पण खरे.

ते पायरीवर बसले. तळहातांनी गुडघे चोळत राहिले. “ती खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “लहानपणापासून. मारलं तरी नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

आत केझियाने डोळे उघडले होते. चेहरा सुजल्यासारखा, जीभ चावलेली, बोलणं जड. आम्हाला बघून ती उठायला लागली, मी तिला परत निजवलं. तिने बापाकडे पाहिलं.

“सॉरी पप्पा,” ती म्हणाली. “माझा विश्वास कमी पडला.”

ते तिच्या कपाळावर हात ठेवायला गेले, तो हात मध्येच थांबला, मग त्यांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. बाहेर घंटा झाली. शेवटच्या सभेची. उजागरे सर दारात येऊन म्हणाले, “पास्टर, आज मी सांभाळून घेतो. तुम्ही बसा पोरीजवळ.” पास्टरांनी नकाराची मान हलवली आणि ते सभागृहाकडे गेले.

मी डबा आणून गोळी फोडली, फुलपात्रात पाणी ओतलं. तिला घोटभर पाजून बघितलं. नीट गिळलं. मग गोळी पुढे केली. तिने तोंड फिरवलं.

“साक्षीनंतर.”

“केझिया, अगं, आता कसली साक्ष! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?”

“आता पप्पा एकटेच सांगतील. ते सांगत असताना मी गोळी कशी घेऊ?”

मी विनवलं. दटावलं. आई येतेय म्हणून सांगितलं. ती ओठ घट्ट मिटून पडून राहिली. आत्ताच्या आत्ता पुन्हा झटका आला तर, एवढंच माझ्या डोक्यात. माझ्या तळहातावर गोळी घामाने ओली व्हायला लागली होती.

सभागृह भरलं होतं, आईवडील आले होते, म्हणून बाहेर झाडाला कर्णा बांधलेला होता. खोलीच्या खिडकीतून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. गाणं संपलं. खरखर झाली. मग तो बसका आवाज.

“प्रियांनो, माझी मुलगी चार वर्षांची होती...”

म्हणजे तीच जुनी साक्ष. आणि माझ्यासमोर केझियाचे ओठ हलायला लागले. तिला ते सगळं पाठ होतं. बापाच्या प्रत्येक वाक्याबरोबर ती पुटपुटत होती. “...डॉक्टरांनी हात टेकले...” कर्णा म्हणाला, ती म्हणाली. “...तिची मम्मी आणि मी जमिनीवर पडून रडलो...” कर्णा म्हणाला, ती म्हणाली. जिथून आवाज चढायचा, तिथे तिचीही मान उचलली जात होती.

“...आणि त्या दिवसापासून...”

“...त्या दिवसापासून एकही गोळी नाही,” केझिया पुटपुटली, “एकही...”

ती थांबली. कर्ण्यातून पुढचं आलंच नव्हतं. नुसती खरखर. कोणीतरी खोकलं. मला वाटलं वीज गेली.

“त्या दिवसापासून,” पास्टर म्हणाले, आणि आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता, किराणा सांगावा तसा, “तिला गोळ्या चालू आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक. मीच आणून देतो.”

तिकडे काय झालं असेल ते मला दिसत नव्हतं. सगळं चिडीचूप. मग त्या शांततेत, पास्टर थांबले की म्हणायचं असतं या सवयीने, मागच्या बाजूने कोणीतरी जोरात म्हणालं, “हालेलुया!” आणि त्याच्यामागून, जरा गोंधळत, बऱ्याच जणांनी, “हालेलुया!”

केझिया खिडकीकडे बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला आणि मी घाबरून उठले, पण ती हसत होती. जीभ दुखत होती म्हणून तोंड धरून हसत होती.

“ताई, गोळीला हालेलुया म्हणाले!”

“म्हणाले खरे.”

“सकाळी एक, संध्याकाळी एक, हालेलुया!” ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मग थांबेना. मी तिला धरून बसले. बाहेर पास्टर काहीतरी पुढे सांगत होते, ते आम्ही दोघींनीही ऐकलं नाही.

हुंदके कमी झाल्यावर तिने नाक पुसलं, आपण होऊन उठून बसली आणि तोंड उघडलं. मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली. फुलपात्र तिच्या ओठांशी नेलं तेव्हा लक्षात आलं, की मीही ‘आ’ करून बसले आहे.